युद्धनौकेच्या पदरच्या होड्या

लाकडी युद्धनौकेची प्रतिकृती पाहताना नजर कुठे जाणार, हे जवळजवळ ठरलेले असते. प्रथम डोलकाठ्या आणि दोरखंडांचे जाळे, मग तोफांच्या झरोक्यांच्या रांगा, मग पिछाडीचे कोरीवकाम. जहाजाच्या मधल्या भागात एकमेकींशेजारी निजवलेल्या चार-सहा होड्याही असतात. परंतु त्या कोणी निरखून पाहत नाही. घडवणाराही बहुधा त्यांना शेवटच्या महिन्यात हात घालतो. तोवर दोन-तीन वर्षे मुख्य जहाजावर खर्च झालेली असतात, हात थकलेला असतो, आणि तयार संचातून आलेली धातूची ओतीव होडी रंगवून जागेवर चिकटवण्याचा मोह अनावर होतो. आमचे मत या प्रथेच्या विरुद्ध आहे. प्रतिकृतीचा खरेपणा तपासायचा असेल तर तो या होड्यांत तपासावा, आणि ज्याच्यापाशी थोडीच सवड उरली असेल त्याने ती होड्यांना द्यावी.

साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांनी या विषयात मत द्यावे याचे कोणास नवल वाटेल. पण प्रतिकृती करणे हे मुळात एक वाचनच आहे, आणि वाचनाचे सगळे प्रश्न तेथे लाकडाच्या रूपाने समोर येतात. एच.एम.एस. व्हिक्टरी ही नौका घ्या. ती 1765 साली चॅटम येथे पाण्यात उतरली आणि ट्रफाल्गारची लढाई झाली 1805 साली. या चाळीस वर्षांत तिची अनेकदा डागडुजी झाली. तिच्या होड्यांचेही तेच. 1780 च्या सुमारास ब्रिटिश आरमारात जुन्या ‘लाँगबोट’ची जागा अधिक रुंद आणि अधिक ओझे वाहणाऱ्या ‘लाँच’ने घेतली. म्हणजे व्हिक्टरीची प्रतिकृती करणाऱ्याला आधी सांगावे लागते की तो कोणत्या सालची व्हिक्टरी करतो आहे. पोथीच्या संपादकाला पाठभेदांतून एक पाठ निवडावा लागतो आणि त्याची जबाबदारी घ्यावी लागते, तसेच हे आहे. 1765 च्या नौकेवर 1805 ची लाँच ठेवणे हा प्रक्षेपच होय, आणि तो बहुधा होड्यांतच सापडतो.

आता मापांचा विचार करू. 1805 मधील व्हिक्टरीच्या होड्या सहा मानल्या जातात : 34 फुटांची एक लाँच, 32 फुटांची बार्ज, 28 फुटांची पिनेस, 25 फुटांचे दोन कटर आणि 18 फुटांचा एक लहान कटर. एकास बहात्तर या प्रमाणात तोफांच्या मुख्य मजल्याची लांबी सुमारे 79 सेंटीमीटर भरते. त्याच प्रमाणात लाँच साडेचौदा सेंटीमीटरांच्या आतच राहते आणि सर्वांत लहान कटर साडेसात सेंटीमीटरांच्या किंचित वर जातो. मूळ फळी एक इंच जाडीची धरली तर प्रतिकृतीतली फळी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी हवी. मोठ्या जहाजाच्या अंगावर दोन मिलिमीटरांची चूक पचून जाते. होडीत तीच चूक चौदा सेंटीमीटरांची होते. वल्हेकऱ्याचे बाक तेवढे पुढे सरकले तर त्याचा गुडघा पुढच्याच्या पाठीत जाईल. जहाजाचे माप फुटांत आणि टनांत सांगता येते, होडीचे माप मात्र माणसाच्या देहाने ठरते. बसलेल्या माणसाची मांडी, वल्हे ओढताना मागे जाणारी पाठ, कडेला टेकणारा हात यांनीच तिचा आकार सिद्ध केलेला असतो.

बांधणीची रीतही पाहण्याजोगी आहे. आधी होडीच्या आतल्या पोकळीएवढा लाकडाचा भरीव साचा तासून घ्यायचा आणि डिंक धरू नये म्हणून त्यावर मेण चोळायचे. त्यावर तळाचा कणा, नाळ आणि पिछाडीची फळी बसवायची. पातळ पट्ट्या पाण्यात भिजवून बरगड्यांसारख्या वाकवायच्या. मग त्यांवर एकेक फळी चढवायची. सारे वाळले की साचा हलकेच काढून घ्यायचा. मागे उरते ते टरफलासारखे नाजूक अंग. त्यात तळफळ्या, बाके आणि वल्ह्यांच्या खाचा करायच्या. येथेही वाचकाची परीक्षा असते. लाँच, बार्ज, पिनेस यांच्या फळ्या कडेला कड भिडवून बसवलेल्या असत. कटरच्या फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असत. सगळ्या होड्या एकाच रीतीने करणारा कारागीर म्हणजे सगळ्या पात्रांच्या तोंडी एकच बोली घालणारा कादंबरीकार.

या होड्यांत दर्जाची उतरंडही होती. बार्ज वरिष्ठांच्या दिमाखाची, पिनेस अधिकाऱ्यांच्या ये-जा करण्याची, कटर पडेल त्या कामाचे, आणि लाँच पाण्याची पिंपे व नांगर वाहणारी हमाल. एखाद्या खलाशाला ताफ्यातील प्रत्येक जहाजापुढे नेऊन फटके मारण्याची भीषण शिक्षा असे. तीही होडीतूनच अमलात येई. जखमी होडीतून येत, सक्तीने भरती केलेली माणसे होडीतून आणली जात. 1797 च्या जुलैत तेनेरिफ बेटावर उतरतानाच नेल्सनच्या उजव्या हातात गोळी शिरली. त्याचा सावत्र मुलगा जोसाया निस्बेट याने होडीतच हात आवळून बांधून रक्त थांबवले आणि वल्हेकऱ्यांनी त्याला अंधारातून जहाजावर परत नेले. ज्या सेनापतीचा पुतळा लंडनमध्ये उंच खांबावर उभा आहे, त्याचे प्राण त्या रात्री एका होडीत वाचले. त्या वल्हेकऱ्यांसाठी खांब नाही. प्रतिकृतीत त्यांची जागा दाखवता येते ती बाकांनी.

एक गैरसमज येथे दूर करायला हवा. या होड्या जीव वाचवण्यासाठी ठेवलेल्या नसत. आठशेहून अधिक माणसांच्या व्हिक्टरीवरील सहा होड्यांत सगळे मावणे शक्यच नव्हते. त्या कामासाठी होत्या, आणि माणसांचा जीव हा त्या कामाचा हिशेब नव्हता. प्रतिकृती प्रमाणात असेल तर ही विषमता वेगळे भाष्य न करता डोळ्यांना दिसते. ओतीव, ढोबळ होडीत ती दिसत नाही.

आणि कधी होडीच जहाजाहून मोठी कथा होते. ‘बाउंटी’ या आरमारी नौकेवर 28 एप्रिल 1789 रोजी बंड झाले. कप्तान विल्यम ब्लाय आणि त्याच्यासोबतचे अठरा जण लाँचमध्ये लोटले गेले. ती 23 फूट लांब आणि पावणेसात फूट रुंद होती. टोफुआ बेटावर एक जण मारला गेला. उरलेले 14 जून रोजी तिमोरमधील कुपांगला पोहोचले. वाट तीन हजार सहाशेहून अधिक सागरी मैलांची होती. एकास बहात्तर प्रमाणात ही लाँच दहा सेंटीमीटरांहूनही आखूड भरते. तिच्यात एकोणीस माणसे बसवून पाहावीत. वर्णनाची पाने जे सांगत नाहीत ते तीन सेंटीमीटरांची रुंदी सांगते.

आमच्या मतावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की पाहणाऱ्याला हे कळत नाही, मग कष्ट कशाला? पण पाहणाऱ्याला कळत नाही म्हणून चालवून घेणे हे तत्त्व मान्य केले, तर तळटीप नीट देण्याचे, शुद्धपाठ तपासण्याचे आणि गौण पात्राला स्वतःचे बोलणे देण्याचे कारणही उरत नाही. आपल्या विद्यार्थ्यांना आपण याच्या उलट शिकवतो, किंवा शिकवायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साम्राज्याच्या युद्धनौकांवर आपण एवढे प्रेम का करावे? या प्रश्नापासून पळता येत नाही, कारण त्यांतल्या काही आपल्याच किनाऱ्यावर बांधल्या गेल्या. ‘त्रिंकोमली’ ही फ्रिगेट 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरली. तिचे नकाशे प्रथम ज्या ‘जावा’ जहाजावरून निघाले होते, ते 1812 साली अमेरिकनांनी नष्ट केले. नकाशे पुन्हा धाडावे लागले. नकाशे इंग्रजांचे, लाकूड सागाचे आणि हात मुंबईचे. ती आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. मुख्य बांधकामदार जमशेटजी बमनजी वाडिया यांचे नाव इतिहासाने राखले. करवत धरणाऱ्या सुतारांची नावे त्याच्या शेजारी दिसत नाहीत. तेव्हा प्रश्न प्रेमाचा नाही. तोफा आणि ध्वज तेवढे नीट करणारी प्रतिकृती साम्राज्याने स्वतःविषयी सांगितलेली गोष्टच पुन्हा सांगते. होड्या नीट करणारी प्रतिकृती ज्यांनी वाहिले, ओढले, सोसले त्यांच्याकडे पाहणाऱ्याला वळवते.

काही जण होड्यांवर ताडपत्रीचे आच्छादन घालून आतले काम टाळतात. समुद्रावर असे आच्छादन असे, हे खरे. पण सहाही होड्या झाकलेल्या दिसल्या तर संशय घ्यावा. ज्याला होडी करणे खरोखरच जमत नाही, त्याच्यासाठी एक प्रामाणिक वाट आहे. लाकडाच्या उडणाऱ्या ढलप्यांनी माणसे जखमी होत, म्हणून लढाईपूर्वी होड्या पाण्यात उतरवून मागे ओढत नेण्याची पद्धत होती. तेव्हा नौका लढाईच्या तयारीतली आहे असे स्पष्ट सांगून मधली जागा मोकळी सोडावी. ती मोकळी जागाही इतिहासाला धरून राहील. त्या जागी ओतीव होडी ठेवली, की जागा भरते आणि माणसे पुसली जातात.