पायाखालचे ज्ञान

"आर्ट्सच्या मुलांना गाडीतलं काय कळतंय!" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे, की आता ते आपणच अभिमानाने म्हणू लागलो आहोत. मीही म्हणत असे. आंबोली घाट उतरेपर्यंत.

आजऱ्याहून आम्ही सावंतवाडीला निघालो होतो. गाडी मी चालवत होतो, बाबा शेजारी. उतारावर मी सारखा ब्रेक दाबत होतो. अर्ध्या घाटात पेडल एकाएकी मऊ पडले आणि पाय थेट तळाला गेला. बाबा शांतपणे म्हणाले, "दुसरा गिअर टाक. हँडब्रेक हळूहळू ओढ." गाडी डोंगराच्या कडेला थांबली. मागे झोपलेल्या आजीला काहीच कळले नाही. माझे हात मात्र बराच वेळ कापत होते.

सावंतवाडीच्या मिस्त्रींनी काळपट ब्रेक ऑइल दाखवून एकच प्रश्न विचारला, "हे कधी बदललं होतं?" आम्हां दोघांकडे उत्तर नव्हते.

हे ऑइल हवेतले बाष्प शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेले १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. घाटात ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. म्हणून पाय खाली जातो आणि चाक फिरतच राहते. द्रवातला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हा नियम पास्कलचा. तत्त्वज्ञानाच्या तासाला भेटतो तोच हा पास्कल! ज्ञानाच्या भिंती त्याने बांधल्या नाहीत, आपण बांधल्या.

घरीच सगळी दुरुस्ती करावी, असे मी म्हणत नाही. पण महिन्यातून एकदा बॉनेट उघडून ऑइलची पातळी पाहणे, ती उतरली असेल तर पॅड झिजले की गळती आहे याचा शोध घेणे, पेडल मऊ लागते का, ब्रेक लावताना करकर होते का इकडे लक्ष ठेवणे, साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलून घेणे, याला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. नळ्यांतली हवा काढण्याचे काम मात्र जाणत्याकडेच सोपवावे. आपल्याला काय येत नाही हे ओळखणे, हेही शिक्षणच.

कवितेतला एक शब्द चुकला तर आपण अस्वस्थ होतो. मग ज्या पेडलवर घरच्यांचा जीव टेकलेला असतो, त्याविषयीचे अज्ञान मिरवण्यात कसली आली आहे रसिकता?