बार्बुडाचा धडा : वादळाने घरे नेली, जमीन कुणी नेली?

कॅरिबियन समुद्रात बार्बुडा नावाचे एक छोटे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस किलोमीटर, लोकसंख्या दोन हजारांच्या आत आणि वस्तीचे गाव एकच, कॉड्रिंग्टन. ‘अँटिग्वा आणि बार्बुडा’ या देशाचा हा धाकटा भाग. ६ सप्टेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर ‘इर्मा’ हे हरिकेन या बेटावरून गेले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २८५ किलोमीटर होता. दोन वर्षांच्या एका बालकाचा जीव गेला. बहुतेक सर्व इमारतींचे नुकसान झाले. पाठोपाठ ‘होजे’ हे दुसरे वादळ येत असल्याने सरकारने सगळ्या रहिवाशांना बोटींनी शेजारच्या अँटिग्वा बेटावर हलवले. सुमारे तीनशे वर्षांत पहिल्यांदाच बार्बुडा निर्मनुष्य झाले.

इथपर्यंतची बातमी जगभर गाजली. पुढे काय झाले याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले. आपत्तीत धावून जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासावे ते हे ‘पुढे’च आहे.

गुलामांच्या वंशजांची सामाईक जमीन

१६८५ पासून ब्रिटिश राजसत्तेने हे बेट कॉड्रिंग्टन घराण्याला भाडेपट्ट्याने दिले होते. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर त्यांचा कारभार चालत असे. १८३४ मध्ये गुलामगिरी संपली. मालक गेले, पण माणसे तिथेच राहिली. त्यांनी जमिनीचे तुकडे करून वाटून घेतले नाहीत. शेती, चराई, शिकार आणि मासेमारीसाठी सगळे बेट सगळ्यांचे, अशी रीत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. २००७ च्या बार्बुडा जमीन कायद्याने या रीतीला मान्यता दिली. जमीन बार्बुडाच्या लोकांच्या सामाईक मालकीची, ती विकता येणार नाही, आणि मोठा प्रकल्प आणायचा तर लोकांची संमती घ्यावी लागेल, असे तो कायदा सांगत होता.

ज्यांच्या पूर्वजांना स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्यांच्या हाती अख्ख्या बेटाचा हक्क होता. बार्बुडात भूमिहीन कुणी नव्हते, याचे कारण हेच.

माणसे निवाऱ्यात, बुलडोझर बेटावर

बार्बुडाची कुटुंबे अँटिग्वात क्रिकेट स्टेडियममध्ये आणि इतर निवाऱ्यांत दिवस काढत होती. तिकडे बेटावर घरे, वीज आणि शाळा पूर्ववत होण्याआधीच नव्या विमानतळासाठी झाडी साफ करायला यंत्रे लागली. २०१७ च्या अखेरीस जमीन कायदा बदलण्याचे विधेयक संसदेत आले आणि २०१८ मध्ये सामाईक मालकीची चौकटच मोडली. पामेटो पॉइंटच्या किनारपट्टीवर श्रीमंतांसाठी आलिशान निवासांचा प्रकल्प उभा राहू लागला. हा भाग २००५ पासून ‘रामसर’ यादीत असलेल्या कॉड्रिंग्टन खाजणाच्या क्षेत्रात येतो.

सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. दोन्ही बेटे मिळून पुनर्उभारणीचा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर काढला गेला होता. एवढ्या छोट्या देशाला हा भार पेलणारा नव्हता. प्रत्येकाला नाममात्र एका डॉलरमध्ये स्वतःच्या नावावर भूखंड मिळेल, तो तारण ठेवून बँकेचे कर्ज घेता येईल आणि पर्यटनातून रोजगार येईल, असे पंतप्रधान गॅस्टन ब्राउन यांचे म्हणणे होते. मुद्दा बिनबुडाचा नाही. पण कर्ज फिटले नाही तर तारण जाते. जी जमीन विकताच येत नव्हती, ती आता लिलावात जाऊ शकते. आणि एवढा मोठा निर्णय लोक विस्थापित असताना का घ्यायचा, या प्रश्नाचे उत्तर त्या युक्तिवादात नाही.

बार्बुडाचे लोक न्यायालयात गेले. लंडनमधील प्रिव्ही कौन्सिल हे आजही त्यांचे सर्वोच्च अपील न्यायालय आहे. जून २०२२ मध्ये त्या न्यायालयाने निर्णय दिला की या सामाईक हक्काला राज्यघटनेतील मालमत्तेच्या हक्काचे संरक्षण मिळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने, विमानतळाच्या परवानगीला आव्हान देण्याचा दोन बार्बुडावासीयांचा अधिकार मान्य केला. तोवर विमानतळाचे काम बरेच पुढे गेले होते. न्याय उशिरा आला की दरम्यान काँक्रीट पडलेले असते.

मदत कशाला म्हणायचे?

ताडपत्री, पाणी, औषधे, पत्रे हे सगळे लागतेच. बार्बुडालाही अनेक देशांतून आणि संस्थांकडून मदत आली. पण वादळानंतरचे खरे प्रश्न वेगळे असतात. लोक आपल्या जागी परत कधी जाणार? नवी वस्ती कुठे, हे कोण ठरवणार? लोक निवाऱ्यात असताना कोणते कायदे बदलले जात आहेत? मदतीच्या किटवर या प्रश्नांची उत्तरे छापलेली नसतात.

महाराष्ट्रात पूर-वादळानंतर काम करताना आम्हाला याचीच दुसरी बाजू दिसते. पंचनाम्याला आलेला कर्मचारी पहिल्यांदा सातबारा विचारतो. गायरान कसणाऱ्या आणि गावकुसाबाहेरच्या जागेवर राहणाऱ्या कुटुंबांकडे तो नसतो. पीक वाहून गेलेले दिसते, पण कागदावर शेतकरीच नसतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी जो सत्याग्रह केला, त्याचे मोल अशा वेळी नव्याने कळते. जमिनीवरचा हक्क नोंदलेला नसेल तर आपत्तीतली मदतही दारावरून परत जाते.

म्हणून आपल्या तरुण मंडळांनी आणि विहारांनी मदतफेरीबरोबर आणखी काही कामे हाती घ्यावीत. वस्तीतील प्रत्येक कुटुंबाच्या ताब्याचे पुरावे, म्हणजे जुन्या पावत्या, वीजबिले, दंडाच्या नोटिसा, आपत्ती येण्याआधीच गोळा करून त्यांच्या प्रती सुरक्षित ठेवाव्यात. निवारा केंद्रातील लोकांची बैठक रोज घ्यावी आणि निर्णय लेखी नोंदवावेत. पुनर्वसनाचा ठराव ग्रामसभेत वस्तीच्या उपस्थितीशिवाय होऊ देऊ नये. स्थलांतराच्या काळात निघालेली प्रत्येक शासकीय अधिसूचना कुणीतरी एकाने वाचलीच पाहिजे.

बार्बुडाचे लोक परतले आहेत. घरे दुरुस्त करत आहेत आणि जमिनीसाठी लढतही आहेत. वादळ काही तासांत बेट ओलांडून गेले, जमिनीचा लढा मात्र इतक्या वर्षांनंतरही चालू आहे. मदतीला जाणाऱ्यांनी तेवढा काळ सोबत राहण्याची तयारी ठेवली पाहिजे.