गाण्यातला निनावी शत्रू

स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स याचे म्हणून ओळखले जाणारे 'द स्लेव्ह्स लॅमेंट' हे गीत 1792 साली छापले गेले. सेनेगलमधून पकडून व्हर्जिनियात नेलेला गुलाम त्यात मायभूमीसाठी आक्रोश करतो. त्याला बेड्या घालणारे शत्रू गीतात आहेत; त्यांचे नावगाव मात्र नाही. ते असणार तरी कसे? पैशाच्या आणि घरच्या अडचणींनी गांजलेला हाच बर्न्स 1786 साली जमैकातल्या मळ्यावर हिशेबनीस म्हणून जायला निघाला होता. कवितांचे पुस्तक गाजले, म्हणून राहिला. गुलामांच्या श्रमाचा जमाखर्च लिहिण्यात त्या काळच्या सज्जनांना वावगे वाटत नसे. चांगल्या घरची मुले तेच करीत होती. रूढीला दुष्ट माणसे लागत नाहीत. तिचे काम भल्या माणसांकडून बिनबोभाट होते.

गुलामांच्याच श्रमातून आलेल्या तंबाखू आणि साखरेच्या पैशावर स्कॉटलंडमधले ग्लासगो शहर वैभवाला चढले. ब्रिटिश पार्लमेंटने 1833 साली गुलामगिरी रद्द केली, तेव्हा 2 कोटी पौंड भरपाई मालकांना मिळाली. गुलामांना छदामही नाही. पुढच्या पिढ्यांनी वैभव घेतले आणि त्याचा उगम त्या विसरल्या. 2015 साली व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात ग्रॅहम फेगन या ग्लासगोच्या कलावंताने हेच गीत घेटो प्रीस्ट या रेगे गायकाकडून गाऊन घेतले. रेगे जमैकाचे संगीत. जिथे हिशेब लिहिले जायचे होते, तिथलाच सूर स्कॉटलंडला जाब विचारू लागला. 2022 मध्ये ग्लासगोने जाहीर माफी मागितली.

परक्यांच्या पापावर हळहळणे आपल्याला फार सोपे जाते. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहून ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही त्यांची आस. आपण त्यांच्या तसबिरीला हार घातला आणि मोकळे झालो. आपल्या सोसायटीच्या वार्षिक हिशेबात 'टाकीसफाई' अशी एक ओळ असते. रक्कम असते, सही असते. मैल्यात उतरलेल्याचे नाव नसते, आणि त्याची जात सांगावी लागत नाही. सुरक्षासाधनांशिवाय मैल्याच्या टाकीत माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, हे आपल्याला ठाऊक असते. तरी हिशेब एकमताने मंजूर होतो.

वाडवडिलांनी दिलेले हे आंधळेपण आपण जन्मभर सांभाळलेच पाहिजे, असे नाही. येत्या सभेत विचारू: टाकीत कोण उतरले, आणि काय घालून उतरले? उत्तर मिळेपर्यंत त्या बिलावर आपल्यापैकी कोणीही सही करू नये.