घटनेतील बिनमुदतीची वाक्ये

राज्यघटनेसंबंधी बोलणाऱ्यांत सध्या दोन पंथ प्रबळ आहेत. एकाच्या मते घटना ही देव्हाऱ्यात ठेवून पूजावयाची वस्तू असून तिच्या अक्षरास हात लावणे हे पातक होय. दुसऱ्याच्या मते तो मोडकळीस आलेला वाडा असून तो पाडून नवी इमारत उभारल्यावाचून गत्यंतर नाही. पहिल्या पंथाला १९५१ पासून २०२३ पर्यंत झालेल्या १०६ दुरुस्त्यांकडे डोळेझाक करावी लागते. दुसऱ्याला घटना नीट वाचण्याची गरजच भासत नाही, आणि हीच त्याची मोठी सोय आहे. प्रस्तुत लेखक यांपैकी कोणत्याच पंथाचा नाही. तो कायदेपंडितही नाही. कचेरीत फायली हाताळण्यात आयुष्य गेलेला एक सामान्य नागरिक आहे, आणि त्याची तक्रार घटनेच्या तत्त्वांविषयी नसून तिच्यातील काही बिनमुदतीच्या वाक्यांविषयी आहे.

सामान्य माणसाने या विषयात पडू नये, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर इतकेच की, घटनेचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला तो लोकांनी वाचावा व मते कळवावीत यासाठीच. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी तो सभागृहात मांडताना डॉ. आंबेडकरांनी तो आठ महिने जनतेपुढे असल्याचे आवर्जून सांगितले होते. जन्मकाळी ज्यास बोलण्याची मुभा होती, त्यास आज ती नाकारण्याचे कारण दिसत नाही.

आपण सारे नोकरीपेशाची माणसे. 'शक्य तितक्या लवकर' या शब्दांचा अर्थ आपल्याइतका कोणाला ठाऊक असणार? ज्या कागदावर तारीख असते तो हलतो. ज्यावर ती नसते तो कपाटात जातो. तारखेबरोबर 'न केल्यास अमुक होईल' असेही लिहिले असेल, तर तो कागद वेळेआधीच हलतो. घटनाही याच नियमाने चालते, हे तिची कलमे एकापुढे एक ठेवून पाहावे म्हणजे कळेल. मंत्री सलग सहा महिने सभागृहाचा सभासद नसेल तर त्याचे मंत्रिपद जाते, असे कलम ७५ सांगते. म्हणून निवडून येण्यासाठी केवढी धावपळ चालते! अर्थविधेयक राज्यसभेने चौदा दिवसांत परत केले नाही तर ते संमत झाले असे मानले जाते. अध्यादेश संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी आपोआप संपतो. या तिन्ही ठिकाणी मुदत आहे आणि मुदतभंगाचे फळही लिहिलेले आहे. या कलमांविषयी कोणी आयोग नेमला आहे काय?

आता कलम २०० पाहा. विधानसभेने संमत केलेले विधेयक राज्यपालांकडे गेल्यावर त्यांनी केव्हा निर्णय घ्यावा? ते परत पाठवावयाचे असल्यास 'शक्य तितक्या लवकर', एवढेच उत्तर तेथे मिळते. हे शब्द नकळत आलेले नाहीत. राष्ट्रपतींच्या संमतीविषयीच्या तशाच कलमाच्या मसुद्यात मुळात 'सहा आठवड्यांच्या आत' असे स्पष्ट शब्द होते. ते काढून त्या जागी हे गुळगुळीत शब्द घालण्यात आले. मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद हरि विष्णु कामथ यांनी १९४९ मध्ये त्यास विरोध केला. कामथ हे आय.सी.एस.ची नोकरी सोडून आलेले गृहस्थ. बिनमुदतीचा कागद कोठे जाऊन पडतो, हे त्यांना भाषणावाचून कळत होते. सभागृहाने त्यांचे ऐकले नाही. त्या वेळी राज्यकर्त्यांच्या सौजन्यावर विश्वास ठेवणे स्वाभाविक होते. आज तो ठेवणे भाबडेपणाचे आहे.

परिणाम सर्वांसमोर आहे. तामिळनाडूची विधेयके वर्षानुवर्षे पडून राहिली. ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी स्वतःच मुदती आखून दिल्या. पण २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींनी, राष्ट्रपतींच्या पृच्छेस उत्तर देताना, घटनेत नसलेली मुदत न्यायालयास घालता येत नाही आणि मानीव संमतीही देता येत नाही, असे मत दिले. अकारण दीर्घ विलंब झाला तर निर्णय घ्या एवढे न्यायालय सांगू शकते, असे मात्र ते म्हणाले. पुष्कळांना या मताचा राग आला. मला तो आला नाही. न्यायाधीशाने घटना लिहू नये हे ठीकच. पण मग ज्याने लिहावयाची त्याने लेखणी उचलली पाहिजे. कामथांचे सहा आठवडे परत आणावेत, तेही राज्यपाल व राष्ट्रपती दोघांना लागू करावेत, आणि ते संपताच संमती मिळाली असे मानावे. विचारास वेळ हवा असेल त्यांनी सकारण विधेयक परत पाठवावे. तो मार्ग खुलाच आहे.

दहाव्या परिशिष्टाचेही तेच. पक्षांतराचा निकाल अध्यक्षांनी किती दिवसांत द्यावा, हे त्यात नाही. महाराष्ट्रात जून २०२२ च्या फुटीवरील निकाल १० जानेवारी २०२४ रोजी लागला. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने वाढवून दिलेल्या मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी! यावरून मुदतीचा महिमा कळावा. तीन महिन्यांत निकाल न लागल्यास प्रकरण उच्च न्यायालयाकडे जावे. लोकसभेचा उपाध्यक्ष 'होईल तितक्या लवकर' निवडावा असे कलम ९३ म्हणते, आणि २०१९ ते २०२४ ही सतरावी लोकसभा उपाध्यक्षावाचूनच संपली. तेथे साठ दिवस पुरेत. त्यानंतर निवड होईपर्यंत अर्थविषयक कामाखेरीज दुसरे काम सभागृहापुढे येऊ नये.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. नगरपालिकेची निवडणूक मुदत संपण्यापूर्वी पुरी झाली पाहिजे, असे कलम २४३-यू स्वच्छ सांगते. तरीही मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा अंमल राहिला. प्रभागरचनेचे व आरक्षणाचे वाद होते हे खरे. पण ते वाद मिटविण्याची घाई कोणास होती? मुदत होती, फळ लिहिलेले नव्हते. मूळच्या कलम ४५ ची गतही हीच झाली. दहा वर्षांत चौदा वर्षांखालील सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, असे त्यात होते. ती दहा वर्षे १९६० मध्ये सरली आणि शिक्षणाचा हक्क कायद्याने प्रत्यक्ष लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. तेव्हा नुसती तारीख नको, हे मला मान्यच आहे. मुदत संपून सहा महिने लोटल्यावर पाणी, सफाई व पगार यांवाचून अन्य कोणताही खर्च करण्याचा अधिकार प्रशासकास उरू नये, एवढे वाक्य कलमात जोडावे. निवडणुका कशा वेळेवर होतात ते मग पाहावे.

शेवटी आपल्या घरची गोष्ट. भोपाळ, हैदराबाद, दिल्ली येथे बदलीवर आलेल्या मराठी माणसाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यांनी करण्याचा प्रयत्न करावा, असे कलम ३५०-अ सांगते. आणि भाषिक अल्पसंख्यकांसाठी असलेल्या विशेष अधिकाऱ्याने राष्ट्रपती ठरवतील त्या कालांतराने अहवाल द्यावा, असे ३५०-ब. ही दोन्ही कलमे १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आली. अहवाल संसदेपुढे ठेवावा हे आहे. केव्हा, हे नाही. दरवर्षी अहवाल, आणि तीन महिन्यांत तो दोन्ही सभागृहांपुढे, असे लिहिण्यास कोणाचे काय जाते? मंडळांतून गणेशोत्सवाच्या वर्गणीवर तासन्‌तास वाद घालणारे आपण या कलमाचे नावही काढीत नाही, हे नवलच.

या दुरुस्त्यांना घटनेचा पाया हलवावा लागत नाही. कलम ३६८ पाहता यांतील एकीलाही निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागेल असे दिसत नाही. मात्र दहाव्या परिशिष्टात न्यायालयांचे दार बंद करू नये, नाहीतर १९९२ मध्ये त्यातील सातव्या परिच्छेदाचे जे झाले तेच होईल. सभागृहाच्या एकूण सभासदांचे बहुमत आणि उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश, एवढे पुरे आहे. तितकी मते जमविणे ज्यांना शक्य आहे त्यांनी, शक्य तितक्या लवकर नव्हे, तर येत्या अधिवेशनात हे विधेयक मांडावे.