चष्मा उतरविण्यापूर्वी

भोपाळजवळच्या मंडीदीपसारख्या कारखान्यांच्या गावात लेथवर उभ्या राहणाऱ्या तरुणाचा चष्मा उणे दहाचा असला, तर घामाने घसरणारी ती जाड काच त्याच्या रोजीरोटीच्याच आड येते. आपल्या वेर्णा-कुंडईतही निराळे काय आहे? अशा तरुणास ‘डोळ्यांत भिंग बसवा, चष्मा विसरा’ ही जाहिरात भुरळ घालणारच.

विद्या नवी नव्हे. लढाऊ विमानाच्या छताचे कण वैमानिकाच्या डोळ्यांत रुतले तरी डोळा ते निमूट सोसतो, हे हेरून हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनमध्ये मोतीबिंदूच्या रोग्यास कृत्रिम भिंग बसविले. आपल्याकडे १९९२ मध्ये मदुराईच्या ऑरोलॅबने ती भिंगे देशातच घडवून स्वस्त केली आणि आजी-आजोबांच्या नाकावरचे ते सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखे चष्मे हळूहळू दिसेनासे झाले.

तथापि मोतीबिंदूत गढूळ झालेले भिंग काढावेच लागते. येथे निरोगी भिंग जागच्या जागी ठेवून, त्याच्यापुढे व रंगीत पडद्यामागे दुसरे सरकविले जाते. ज्यांचे पारपटल लेसरला पुरेसे जाड नाही त्यांना हा खराच आधार आहे, आणि प्रसंगी ते भिंग काढताही येते. पण आतली जागा मोजण्यात चूक झाल्यास डोळ्यांतील दाब वाढतो, अकाली मोतीबिंदूही होऊ शकतो. लांबलेला डोळा लांबच राहतो, म्हणून दृष्टिपटल सुटण्याचा धोका टळत नाही. चाळिशीनंतर वाचण्यासाठी चष्मा लागतोच. जाहिरातीत यातले अक्षरही नसते!

रुग्णालयांनी हे सारे रोग्याच्या भाषेत, मंडीदीपला हिंदीत आणि येथे मराठी-कोंकणीत, लेखी द्यावे. भिंगाची किंमत व शस्त्रक्रियेचा आकार वेगवेगळे दाखवावेत. पुढील वार्षिक तपासण्यांचा खर्चही आधीच सांगावा. जेथे चष्मा कामाच्याच आड येतो, तेथे विम्याने या शस्त्रक्रियेस हौस म्हणून झिडकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारखानदारांनाही एक सांगणे आहे. डोळ्यांत भिंग बसले तरी उडणारा लोखंडाचा कीस ते अडवीत नाही. नंबराचा चष्मा गेलेल्या कामगारास संरक्षक चष्मा दुसऱ्याच दिवशी कारखान्याने द्यावयास हवा.