नऊ दिवसांचे व्याज

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रविवार पेठेत आणि लक्ष्मी रस्त्यावर नव्या चोपड्यांना हळदकुंकू लागते, व्यापारी आपला जमाखर्च लक्ष्मीपुढे ठेवतो. यंदाचा दिवाळी अंक आम्ही वेगळ्या जमाखर्चाला वाहिला आहे. महिन्याच्या बारा-पंधरा हजारांत चार माणसांचा संसार ओढणाऱ्या पुण्यातल्या घरांचा हा जमाखर्च.

या घरांना बचतीचे महत्त्व सांगायला कुणी जाऊ नये. डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत, शेजारणींच्या भिशीत पैसा बाजूला पडतच असतो. गळती होते ती दुसरीकडे. उसना पैसा नेमका कितीला पडतो आणि साठवलेला कुठे सुरक्षित राहतो, हे त्यांना कुणी बसून समजावलेले नसते. कमी मिळकतीच्या घराला सर्वांत आधी हाच हिशेब यायला हवा, असे आमचे ठाम मत आहे.

समजा, एक भाजीवाली पहाटे मार्केट यार्डात माल भरायला ९०० रुपये उचलते आणि संध्याकाळी १००० परत करते. धंदा झाला की शंभर रुपये सुटतात, म्हणून ते जाणवत नाहीत. पण नऊ दिवसांचे व्याज मांडून पाहा, बरोबर ९०० रुपये होते. नऊ दिवसांत तिने भांडवलाइतके पैसे देऊन टाकले, तरी दहाव्या पहाटे भांडवल दुसऱ्याचेच. रोज २० रुपये वेगळे पडले, तर पंचेचाळीस दिवसांत ते ९०० तिचे स्वतःचे होतात. एवढी उसंतही ज्यांना नव्हती, अशा भाजीवाल्या बायकांना लहान कर्जे देऊन डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ साली पुण्यात अन्नपूर्णा या संस्थेचे काम सुरू केले. त्याच वर्षी कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. हातात घेताच भंगाराचा भाव सांगणाऱ्या आणि काटामारी झाली की ओळखणाऱ्या कचरावेचक बायकांनी पुढे स्वतःची पतसंस्था उभारली. पाटी-पेन्सिल न धरलेल्या बाईला व्याज कळत नाही, हा समज त्यांनी केव्हाच खोटा पाडला आहे.

सावकाराचे ‘शेकडा पाच’ महिन्याचे असते, वर्षाचे साठ टक्के होतात. हप्त्याच्या कर्जातही तशीच मेख असते. १०,००० रुपये वर्षभरासाठी ‘बारा टक्के सरळ’ व्याजाने घेतले, की हप्ता बसतो ९३३ रुपये. मुद्दल दरमहा फिटत जाते, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर. खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून सही करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: एकूण किती फेडायचे, आणि व्याज उरलेल्या रकमेवरच आहे ना?

ठेव कुठे ठेवायची, हे पुणेकरांनी महागात शिकून घेतले आहे. १९१२ साली सुरू झालेल्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधली इतकी वर्षे ठेवीदार ताटकळले. आज बँकेतल्या ठेवीला माणशी पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला आणि भिशीला ते कवच नाही. भिशी ओळखीवर चालते, तिच्यात बुडाले तरी निभावेल एवढेच घालावे.

कमावत्या माणसाला अपघात झाला, तर सगळे हिशेब कोलमडतात. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. मेअखेरीस खात्यात तेवढी शिल्लक मात्र हवी. जूनमधली शाळेची वह्या-पुस्तके, पावसाळ्यात बुडणारी मजुरी, दिवाळीचा किराणा हे खर्च अचानक येत नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच खुणा केल्या, तर त्यांच्यासाठी जानेवारीपासून थोडे थोडे बाजूला काढता येते.

हे सारे जमले तरी हिशेबाची वही पगार वाढवत नाही, याची आम्हाला जाणीव आहे. काटकसरीचे धडे गरिबाला आणि मोकळीक इतरांना, हा न्याय नव्हे. म्हणून शेवटची विनंती ज्यांच्या घरी कुणी धुण्याभांड्याला, स्वयंपाकाला येते त्या वाचकांना. पगाराची तारीख ठरवा आणि पाळा. एक तारखेचा पगार आठ तारखेला दिलात, तर त्या आठवड्याचे व्याज तिच्या घरातून जाते. दिवाळीचा बोनस वसुबारसेच्या आधी द्या, म्हणजे तिला किराणा उधारीवर भरावा लागणार नाही.



— संपादक