गावरान कोंबडीचा ताळेबंद

२००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे नाव एकाएकी जगाच्या बातम्यांत आले. 'बर्ड फ्लू'चा भारतातील पहिला उद्रेक तेथील मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांत झाला होता. रोग आवरण्यासाठी केंद्रांतील पक्षी मारण्यात आले. त्यांच्याबरोबर भोवतालच्या पाड्यांवरील घरोघरच्या कोंबड्याही मारल्या गेल्या. रोगनिवारणाच्या दृष्टीने हे अपरिहार्य होते, याविषयी वाद नाही. भरपाईचाही हिशेब झाला, नगास अमुक रुपये या दराने. आक्षेप आहे तो या हिशेबाला. केंद्रातला पक्षी गेला तर उबवणी केंद्रातून हुबेहूब तसाच दुसरा आणता येतो. पाड्यावरची कोंबडी गेली तर तशी दुसरी कोठून आणावयाची, या प्रश्नाला त्या हिशेबात रकानाच नव्हता.

नवापूर हे 'बुसरा' या देशी कोंबडीचे माहेर आहे. नंदुरबार जिल्हा, धुळ्याचा पश्चिम भाग आणि सीमेपलीकडील गुजरातचे सोनगड, उच्छल हे तालुके एवढाच तिचा मुलूख. पांढऱ्या अंगावर मान, पाठ आणि शेपटीकडे काळी पिसे, पंखांवर तांबूस छटा, वजन किलोच्या आसपास आणि अंडी वर्षाकाठी जेमतेम चाळीस-पन्नास. पिंजऱ्यातील संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. हे दोन आकडे शेजारी मांडले की बुसरा निकालात निघते, आणि विकासाच्या योजना आखणारांनी बहुधा हेच दोन आकडे शेजारी मांडले आहेत.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा विचारील की, खर्चाची बाजू कोठे आहे? बुसरेला विकतचे खाद्य नाही. ती अंगणातले सांडलेले दाणे, किडे आणि वाळवी टिपते. तिला विजेची ऊब लागत नाही. ती स्वतःच खुडूक बसते, अंडी उबवते, घारीची सावली दिसताच पिले पंखाखाली घेते. रात्री डालग्याखाली झाकली की झाले. मुलाची वही-पुस्तके, दवाखाना, अवचित आलेला पाहुणा या प्रसंगी घरच्या बाईच्या हाती येणारा, पुरुषाला न विचारता खर्चता येणारा पैसा तो हाच. ज्या घरात दुसरे भांडवल नाही तेथे शून्य खर्चाची पन्नास अंडी ही तीनशे अंड्यांपेक्षा कमी मोलाची असतात, असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबले पाहिजे.

गिरिराज, वनराजा यांसारखे सुधारित पक्षी वाटण्यामागचा हेतू चांगलाच होता, आणि पुष्कळ घरांना त्यांचा उपयोगही झाला. पण अंडी वाढविण्याच्या ओघात खुडूक बसण्याची प्रवृत्ती त्यांच्यात फारशी उरलेली नाही. त्यामुळे पुढची पिढी घरी निपजत नाही. पिले पुन्हा बाहेरूनच आणावी लागतात. शिवाय वाटलेला कोंबडा गावच्या कोंबड्यांत मिसळतो आणि दोन-तीन पिढ्यांत मूळ वाण ओळखू येईनासा होतो. यात दोष कोणाचा म्हणावा? खात्याने उद्दिष्ट पुरे केले, बाईने मोठा कोंबडा निवडला, गिऱ्हाइकाने 'गावरान' म्हणून रंगीत पिसांच्या संकरित पक्ष्याला चढा भाव दिला. प्रत्येकाचा व्यवहार आपापल्या जागी शहाणपणाचा होता. नुकसान तेवढे कोणाच्याच वहीत चढले नाही.

सरकारी आकडे तर वाढच दाखवितात. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील परसातले कुक्कुटपक्षी ३१ कोटी ७० लाखांवर गेले. २०१२ च्या मानाने ही वाढ सुमारे ४६ टक्के आहे. मात्र या बेरजेत अस्सल बुसरा आणि कालपरवा वाटलेले संकरित पिलू या दोघांचे वजन सारखेच, एक नग. जातवार मोजणीचे प्रयत्न झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण पिसांवरून जात ठरवली तर रक्तात काय मिसळले आहे ते कळत नाही.

वाण राखून उद्या काय मिळणार, असे विचारले जाते. याला इतिहासाचे उत्तर आहे. 'असील' हा आपला झुंजीचा कोंबडा. एकोणिसाव्या शतकात तो इंग्लंडात कॉर्नवॉलला गेला, तेथल्या कोंबड्यांशी त्याचा संकर झाला आणि 'इंडियन गेम' ऊर्फ 'कॉर्निश' ही जात निपजली. आज जगभर खाल्ल्या जाणाऱ्या ब्रॉयलरच्या रुंद छातीमागे ही कॉर्निश आहे. झुंजीच्या हौसेखातर असील राखणारांना याची कल्पना नव्हती, आणि त्याबद्दल त्यांना छदामही मिळाला नाही. व्यापारी कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा जनुक सह्याद्रीतही आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आला, हे तर २००८ साली उलगडले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनाने दाखवून दिले की, व्यापारी वंशावळींत मूळ जातींमधील निम्मे किंवा त्याहून अधिक जनुकीय वैविध्य उरलेलेच नाही. नव्या रोगाला किंवा वाढत्या उष्म्याला तोंड देणारा गुण तेथे सापडला नाही, तर तो शोधण्यासाठी पाड्यावरच यावे लागेल.

गायी-म्हशींप्रमाणे गोठविलेल्या रेतावर विसंबण्याची सोय येथे बेताचीच आहे. कोंबडीचे अंडे गोठवून ठेवता येत नाही, आणि गोठविलेल्या रेताचे यश कमी व बेभरवशाचे असते. बीजपेशी साठविण्याचे तंत्र निघाले आहे, पण ते प्रगत प्रयोगशाळांचे काम आहे. जिवंत कळप हाच आपल्या आटोक्यातला संग्रह.

मग तो सांभाळण्याचा खर्च कोणी सोसावा? लाभ सर्वांचा आणि झीज भिल्ल, मावची, कोकणा कुटुंबांची, हा न्याय नव्हे. अधिक मिळकतीचा पक्षी त्यांनी पाळू नये, असे म्हणण्याचा अधिकार शहरात बसून ऑम्लेट खाणाऱ्या आपल्याला नाही. ज्यांनी वाण राखावा असे आपल्याला वाटते त्यांना त्याचे मोल दरवर्षी रोख द्यावे. बुसरेच्या मुलुखात बाहेरचे कोंबडे वाटण्याऐवजी तेथल्याच कळपांतून निवडलेली पिले द्यावीत. मानमोडीची लस वेळेवर पाड्यापर्यंत पोचवावी. अंड्यांच्या कमी आकड्यापेक्षा मरणारी पिलेच या बायकांना अधिक बुडवितात.

२०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात हा रोग पुन्हा आला आणि पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले. पुढची खेप केव्हा येईल ते सांगता येत नाही. त्याआधी बुसरेचे राखीव कळप नवापूरपासून दूर, एकमेकांपासूनही अंतरावर, निदान दोन ठिकाणी असले पाहिजेत, आणि रोगामुळे कळप मारलेल्या घरांना भरपाईच्या रकमेबरोबर त्या कळपांतली पिले मिळाली पाहिजेत. पशुसंवर्धनाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी स्वतंत्र शीर्ष उघडावे, म्हणजे यावर किती खर्च झाला, की झालाच नाही, हे विधिमंडळाला दरवर्षी विचारता येईल.